अम्मांच्या हातचा चॉकलेट केक

९ जानेवारी, गुरुवार

"नाने माडिद्दु." म्हणजे मीच केलाय!

असं म्हणाल्या अम्मा. सगळ्या भजनी मंडळासमोर, अगदी सहज. आणि मी आतल्या खोलीत, कानाला हेडफोन, ऑफिसची मीटिंग चालू, तोंड बंद!

केक मी केला. काल संध्याकाळी, ऑफिसातून आल्यावर. मैदा आणि कोको मी चाळला. दही मी फेटलं, सोडा घातल्यावर ते फुसफुसून वर आलं ते मी बघितलं. तेव्हा अम्मा टीव्हीसमोर बसून होत्या. ट्रे गार होईपर्यंत धीर मी धरला, वर चॉकलेट मी ओतलं, सकाळी वड्यांसारखे चौकोन मी पाडले. आणि मंडळातल्या वेदवतीमामींनी तुकडा तोंडात टाकून "यारु माडिद्दु?" — कोणी केला — असं विचारलं, तर माझ्या सासूबाई म्हणतात, मी!

तीन वर्षांत एवढं कानडी मला नक्की कळायला लागलंय.

वर आणखी म्हणाल्या, "अंडं नाही हं, देवाशपथ." ते तेवढं खरं बोलल्या.

१० जानेवारी

प्रणेशला सांगितलं. म्हटलं, तुझी आई धडधडीत खोटं बोलली. तर म्हणे, "सुम्ने सोड गं वल्लरी. बोलून गेली असेल." (सुम्ने म्हणजे उगीच, असंच.)

बोलून गेली! शिंक आहे का ती?

नवरा म्हणून चांगला आहे. साक्षीदार म्हणून शून्य.

राग केकचा नाही. (आहे. केकचाच आहे.) पण त्या केकच्या मागे काय काय आहे ते या घरात कुणाला आठवत तरी आहे का? मी इचलकरंजीची, मराठ्यांची. माहेरी रविवार म्हणजे मटण. हे माध्व ब्राह्मणांचं घर, इथं कांदासुद्धा वार बघून शिजतो. मराठीच बोलतात, पण आईला अम्मा म्हणतात आणि सोवळ्याला मडी. मी सगळं मान्य केलं. नोकरी इथली, म्हैसूरची, माणूस आवडला, मग तक्रार कशाला? अंडं उंबऱ्याच्या आत आणलं नाही. माझा ओव्हन स्वयंपाकघरातसुद्धा नाही — मागच्या युटिलिटीत, वॉशिंग मशीनशेजारी स्टुलावर. मशीन गरगरायला लागली की ट्रे थरथरतो!

तिथं, त्या साबणाच्या वासात, दही आणि सोड्यावर केक फुगवायला शिकले मी. पहिला बसला. दुसरा कडेनं करपला आणि मधे लगदा. तिसरा इतका कोरडा की प्रणेशनं तो चहात बुडवून खाल्ला. मग एकदा पाण्याऐवजी फिल्टरमधलं उरलेलं कॉफीचं डिकॉक्शन ओतलं, गरम करून — आणि चॉकलेटला अशी काही चव आली की मी एकटीच युटिलिटीत उभी राहून हसले.

तो केक हा. "नाने माडिद्दु" म्हणे!

१५ जानेवारी

कालची संक्रांत झाली. एळ्ळु-बेल्ल, म्हणजे इथला तिळगूळ, वाटून झालं. आज अम्मा म्हणाल्या, "वल्लरी, उद्या तुझी ती चॉकलेट बर्फी करतीस की? दोन ट्रे कर. सगळ्या विचारत होत्या."

दोन गोष्टी. एक — बर्फी!! ओव्हनमधून निघालेली बर्फी कुणी बघितली आहे? दोन — घरात "तुझी". बाहेर गेली की "माझी". आमच्या या सरस्वतीपुरमच्या दुसऱ्या गल्लीपर्यंत जाता जाता केकचा मालक बदलतो.

केले दोन ट्रे. का केले? माहीत नाही. नाही म्हणता येत नाही मला, हाच रोग.

१६ जानेवारी

आज भजन सुष्माक्कांकडे होतं. ही बाई मंडळातली सगळ्यात तरुण, पन्नाशीच्या आतली. संध्याकाळी तिचा फोन. अम्मा स्पीकरवर बोलतात, त्यांना दुसरं बटण सापडत नाही. सुष्माक्का कृती विचारत होती.

आणि अम्मा सांगत होत्या! दही फेटून घे. सोडा शेवटी घाल. मग जास्त ढवळू नको, वातड होतो. ओव्हन आधी तापव. शब्दन् शब्द माझा! म्हणजे केक करताना मी स्वतःशी बडबडते ते इतके महिने पाठमोऱ्या बसून ऐकत होत्या सगळं.

"आणि ऐक," म्हणाल्या, "पाणी घालायचं नाही. कॉफीचं डिकॉक्शन घालायचं, गरम. ते माझं गुपित."

माझं गुपित!

मी हातातली ताटली ओट्यावर जरा जोरात ठेवली. अम्मांनी वळून बघितलं, आणि फोनवर म्हणाल्या, "काही नाही गं, भांडं पडलं."

२३ जानेवारी

पुन्हा दोन ट्रे. घरात तुकडा उरला नाही. मला ट्रे खरवडायला मिळाला.

२५ जानेवारी

आईला फोन केला. वाटलं, आई तरी चिडेल. आई म्हणाली, "नाव कशाला पाहिजे तुला? लोक आवडीनं खातात ना, झालं तर."

हे बायकाच बायकांना शिकवतात! आयुष्यभर करा, आणि नाव कशाला पाहिजे! बाबांनी एकदा गच्चीवरच्या कुंडीत एक वांगं पिकवलं होतं, ते आठवडाभर सगळ्या गल्लीला दाखवलं. तेव्हा नाही कुणी म्हणालं, नाव कशाला पाहिजे.

आणखी एक. अम्मा स्वतः तो केक खातात, पण मंडळात न्यायचा असला की आधी चाखून बघतात, डोळे मिटून, एखाद्या परीक्षकासारख्या. परवा म्हणाल्या, "मागच्या वेळेपेक्षा किंचित गोड झालाय. वेदवतीला शुगर आहे. जरा कमी घाल."

हुकूम सोडतात! जणू मी त्यांच्या दुकानातली कारागीर.

२९ जानेवारी, बुधवार

आज सांगून टाकलं. "अम्मा, या वेळी जमणार नाही. ऑफिसचं काम आहे."

मला वाटलं, "असू दे" म्हणतील. चेहराच उतरला त्यांचा. माझ्या मागे मागे युटिलिटीत आल्या.

"उद्याच्याला नको म्हणू नकोस गं."

"बेकरीतून आणा ना. चांगला मिळतो."

"बेकरीतला नको. तुझाच पाहिजे. आत्ता खंड पडला तर झालं."

"काय झालं?"

अम्मांनी माझा हात धरला. पीठ लागलेला नव्हता, रिकामाच होता, तरी धरला. त्यांचा तळवा गरम आणि कोरडा. तीन वर्षांत अम्मांनी माझा हात कधी धरला असेल तर मला आठवत नाही.

केला केक. साखर कमी घालून.

आणि आता स्वतःचाच संताप येतोय. एवढ्यावर विरघळले! खोट्याला हातभार लावते मी, दर आठवड्याला, मैदा चाळून!

६ फेब्रुवारी

वेदवतीमामी घरी आल्या होत्या. त्यांच्या नातीचा पहिला वाढदिवस, २२ तारखेला, हॉल घेतलाय. व्याही येणार बेंगळूरूहून, सगळा गोतावळा. आणि सगळ्यांना केक कुणाचा? "नागरत्ना, तुझ्याच हातचा पाहिजे. माझ्या व्याह्यांना कळू दे म्हैसूरची बाई काय करते ते."

अम्मा लाजल्या! लाजल्या चक्क, आणि म्हणाल्या, "कर्तव्यच आहे माझं."

मी समोर पाण्याचा पेला घेऊन उभी. मामी म्हणाल्या, "बेडा बेडा, आत्ताच पाणी पिऊन निघाले." मग जरा वेळानं अम्मांना म्हणाल्या, "नागरत्ना, घोटभर पाणी दे गं." तहान माणूस बघून लागते वाटतं.

निघताना आमंत्रण. "प्रणेशला घेऊन ये हं, चुकवू नको." अम्मा आणि प्रणेश. मी दारातच होते. दाराची कडी असते ना, तशी. तिला काय आमंत्रण द्यायचं!

गेल्यावर अम्मांना म्हटलं, "मला बोलावलं नाही त्यांनी."

"विसरली असेल. तू यायचंसच. मी सांगते ना. तू त्या दिवशी पाहिजेसच."

हो, पाहिजेच! ट्रे कोण उचलणार?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज झालं ते.

भजन आमच्याकडे होतं. सासरे गेल्यापासून अम्मांना हा एकच विरंगुळा, म्हणून आमच्याकडे भजन असलं की त्या सकाळपासून घर आवरतात, टाळ पुसून ठेवतात. मी आज रजाच टाकली होती. केक सकाळी केला. आजवरचा सगळ्यात चांगला — सांगायला कुणी नाही म्हणून इथे लिहिते. कडा किंचित कुरकुरीत, मधे मऊ, वरचं चॉकलेट आरशासारखं.

भजन संपलं. अम्मांनी बशा फिरवल्या. मी दाराशी उभी. सगळ्या नेहमीप्रमाणे कौतुक करत होत्या, अम्मा नेहमीप्रमाणे "अय्यो, त्यात काय एवढं" म्हणत होत्या. मी गिळलं. रोजचंच.

मग वेदवतीमामींनी माझ्याकडे बघितलं. बशी हातात, बोटाला चॉकलेट. म्हणाल्या, "एवढी मोठी सासू घरात आहे, शिकून घे की गं काहीतरी. सुम्ने कॉम्प्युटरसमोर बसून संसार होतो का? आमच्यातलं काही तुला आलं नाही, निदान हे तरी शीक."

"हा केक मी करते," मी म्हणाले.

आवाज एवढा चढला होता की मलाच दचकायला झालं.

"पहिल्या दिवसापासून मीच करते. आजचा पण. मागच्या आठवड्याचा पण. तुम्ही सगळ्या जानेवारीपासून माझ्या हातचं खाताय. अम्मांना ओव्हन लावतासुद्धा येत नाही!"

मला वाटलं होतं, हसतील. किंवा अम्मांना चिडवतील — काय गं नागरत्ना, पकडली गेलीस! एवढीच होती माझी तयारी.

कुणी हसलं नाही.

वेदवतीमामींनी बशी खाली ठेवली. हळूच, फरशीवर, पायापासून लांब. उठल्या. बेसिनशी गेल्या. चूळ भरली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. नळ चालू, आणि अख्ख्या हॉलमध्ये तेवढाच आवाज.

मग एकेकीला उशीर व्हायला लागला. कुणाचा नवरा येणार होता, कुणाचं दूध गॅसवर होतं. बशा तशाच. सुष्माक्का शेवटपर्यंत खाली मान घालून बसली होती, ती कधी गेली ते कळलं नाही.

मामी दारातून अम्मांना फक्त एवढंच म्हणाल्या, "नीनु हीगे माडबहुदा?" तू असं करावंस?

अम्मा मांडीवर टाळ घेऊन बसल्या होत्या. माझ्याकडे बघितलं नाही. रात्री जेवल्या नाहीत.

१४ फेब्रुवारी

काल लिहितानासुद्धा पूर्ण उजाडलं नव्हतं डोक्यात. आज उजाडलं.

त्या बायका माझ्या हातचं खात नाहीत. एवढंच आहे ते. साधं, सरळ. बेकरीतला बन चालतो, तो कुणी मळला कुणी विचारत नाही. हॉटेलातला मसाला डोसा चालतो. मी केलेलं नाही चालत, कारण मी कोण ते त्यांना माहीत आहे!

लग्नाच्या पहिल्या वर्षी मी भजनाला शिरा केला होता, केळं घालून. सगळ्यांना एकदम उपास निघाला होता. मी मूर्ख — मी म्हटलं, अय्या, मला तिथी कळत नाहीत.

प्रणेशला विचारलं, "तुला माहीत होतं?"

तो बुटाची नाडी बांधत बसला. बांधलेलीच होती.

"अंदाज होता," म्हणाला.

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगून काय झालं असतं? तुला वाईट वाटलं असतं."

आता काय वाटतंय मला, चांगलं?

पण त्यांचं सोडा. त्या परक्या. अम्मांना माहीत होतं! त्यांनी माझा हात लपवला. माझा केक चालतो, मी चालत नाही, म्हणून केकवरचं नाव बदललं. लाज वाटत होती माझी! मंडळात मान राहावा, गुरुवार टिकावा, म्हणून. चोरी परवडली असती. ही चोरी नाही. हे मला पुसून टाकणं आहे.

१५ फेब्रुवारी

मामींचा फोन. मीच उचलला. "नागरत्नाला सांग, केकचं बेकरीत सांगितलंय."

अम्मांना निरोप दिला. त्यांनी "बरं" म्हटलं आणि देवघरात गेल्या.

१६ फेब्रुवारी, रविवार

प्रणेशला स्पष्ट सांगितलं — वेगळं राहायचं. मला माझं स्वयंपाकघर पाहिजे, जिथं ओव्हन ओट्यावर असेल आणि माझ्या हाताला कुणी नाक मुरडणार नाही. वाटलं होतं, "सुम्ने सोड" म्हणेल. तसं नाही म्हणाला. "बघू या घर," म्हणाला. संध्याकाळी बोगादीकडे दोन फ्लॅट बघून आलो. एकाचं स्वयंपाकघर मोठं आहे, पूर्वेला खिडकी.

अम्मांना अजून सांगितलं नाही. तो सांगणार आहे म्हणे. बघू, तोंड उघडतो का.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज भजन होतं, कुणाकडे ते माहीत नाही. अम्मांना कुणी कळवलं नाही. तरी त्यांनी चारच्या सुमाराला इस्त्रीची साडी नेसली. खिडकीशी बसल्या. अवरेकाळूच्या — पावट्याच्या — शेंगा सोलत होत्या, आणि रस्त्यावर कुणी बाई दिसली की बोटं थांबत होती.

मला दया आली नाही. असं लिहून ठेवते. आली नाही.

थोडी आली. पण मग तो नळाचा आवाज आठवला, आणि गेली.

२२ फेब्रुवारी

वाढदिवस आज. आमच्या घरातून कुणी गेलं नाही. प्रणेशनं अम्मांना फ्लॅटचं सांगितलं. आतून मला ऐकू आलं. अम्मा एवढंच म्हणाल्या, "तिला विचारून ठरवलंस ना? मग ठीक."

भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडायला शब्द तयार होते माझ्याकडे!

२३ फेब्रुवारी, रविवार

भांडल्या. आज सकाळी, युटिलिटीत, मी ओव्हन खोक्यात भरत होते तेव्हा. मी म्हटलं, "आता करा तुम्हीच, नाने माडिद्दु." आणि अम्मा जे कडाडल्या! "मला नाव पाहिजे होतं असं वाटलं तुला? अय्यो! सवय लावत होते मी त्यांना! तुझा शिरा तशाच्या तसा उचलून गाईला घातला होता मी, तेव्हापासून डोक्यात होतं. आधी जीभ वळवायची, मग डोकं. काल हॉलमध्ये, वेदवतीच्या व्याह्यांच्या, सगळ्या गोताच्या पोटात गेल्यावर उठून सांगणार होते — हे माझ्या सुनेच्या हातचं, तुम्ही दीड महिना खाताय! मग चूळ भरायला कुठं कुठं जाणार होती ती? तुला दहा दिवस दम निघाला नाही!" मी म्हटलं, मला का नाही सांगितलंत? "सांगितलं असतं तर त्या बायकांसाठी एक तरी ट्रे केला असतास?" नसता केला. मी खोक्यावर बसून राहिले. त्या धापा टाकत होत्या, चष्मा पुसत होत्या. मग म्हणाल्या, "तू बोलल्यावरसुद्धा सुष्मानं बशीतला तुकडा खाल्ला. मी बघितलं. चार वाजता येतीय ती, एकटीच. मी बोलावलंय. आता लपवाछपवी नाही — तिच्या डोळ्यांसमोर कर."

मैदा चाळायला घेतलाय.